तेहतीस कमानी आणि एक बादशहा

‘पूल’ हा शब्द आपल्याला इतका घरचा वाटतो, की तो कुठून उसना आला असेल असं मनातही येत नाही. तो फारसीतून आला. मैदान, बाजार, दरवाजा, कारखाना, खजिना ही त्याचीच भावंडं. इराणमधल्या इस्फहान शहरात झायंदे रूद नावाच्या नदीवर जो सर्वांत प्रसिद्ध पूल आहे, त्याला तिथले लोक ‘सी-ओ-से पोल’ म्हणतात. ‘सी’ म्हणजे तीस आणि ‘से’ म्हणजे तीन, एवढं कळलं की उरलेला शब्द आपलाच. तेहतीस कमानींचा पूल.

इतिहासात मात्र त्याचं नाव वेगळं आहे. तो अल्लाहवर्दी खानाचा पूल. १५९९ ते १६०२ या काळात तो बांधला गेला, तेव्हा गादीवर शाह अब्बास होता. शहर त्याचं, नदी त्याची, हुकूमही त्याचाच. नाव लागलं ते त्याच्या सेनापतीचं, आणि हा सेनापती जन्मानं जॉर्जियातला ख्रिस्ती, दर्जानं बादशहाचा गुलाम. आपल्याकडे नगरपालिकेच्या साध्या बागेला कुणाचं नाव द्यायचं यावरून सभा उधळल्या जातात. इथं तर राजधानीच्या ऐन मध्यावरचा पूल. ज्या बादशहानं पोटच्या मुलांवर विश्वास टाकला नाही, त्यानं एका गुलामाचं नाव तिथं कसं राहू दिलं? शाह अब्बासाच्या आयुष्यात शिरायला मला हा दरवाजा सोयीचा वाटतो.

अब्बासाचा जन्म २७ जानेवारी १५७१ रोजी हेरातला झाला. हेरात आज अफगाणिस्तानात आहे; तेव्हा ते इराणच्या सफवी राज्याचं पूर्वेकडचं मोठं ठाणं होतं. आजोबा शाह तहमास्प १५७६ मध्ये वारले आणि राजघराण्यात कत्तल सुरू झाली. काका इस्माईल गादीवर आला आणि त्यानं एकेक राजपुत्र संपवायला घेतला. सहा वर्षांच्या अब्बासाला मारण्याचा हुकूमही हेरातला येऊन पोचला. हुकूम घेऊन आलेल्या सरदारानं पवित्र महिना संपेपर्यंत काम पुढं ढकललं. तेवढ्यात, १५७७ च्या नोव्हेंबरात, इकडे राजधानीत काकाच मेला. पोर वाचलं ते असं, सरकारी कामातल्या दिरंगाईनं.

मग वडील मोहम्मद खुदाबंदा शाह झाले. त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि राज्यकारभाराची आवडही नव्हती. कारभार पाहायची ती अब्बासाची आई. कर्तबगार बाई. सरदारांना ते खपलं नाही. १५७९ मध्ये त्यांनी जनानखान्यात घुसून तिचा गळा आवळला. अब्बास तेव्हा आठ वर्षांचा. १५८६ मध्ये त्याच्या थोरल्या भावाचा, हमजा मिर्झाचा खून झाला. पुढच्याच वर्षी मुर्शिद कुली खान नावाच्या एका सरदारानं सोळा वर्षांच्या अब्बासाला कझवीन या राजधानीत आणलं, बापाला गादीवरून उतरवलं आणि पोराला बसवलं. पोरगा आपल्या मुठीत राहील असा त्याचा हिशेब होता. दोन वर्षांच्या आत या मुर्शिद कुलीचा अब्बासानं काटा काढला.

हे सरदार कोण, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही. त्यांना किझिलबाश म्हणत, म्हणजे लाल डोक्याचे. बारा इमामांच्या नावानं बारा चुण्यांचं लाल शिरोभूषण ते घालत. या तुर्कमान टोळ्यांच्या तलवारीवरच सफवी राज्य उभं राहिलं होतं, आणि त्याची किंमत ते वसूल करत होते. एकेक प्रांत एकेका टोळीच्या प्रमुखाकडे. तिथला महसूल त्याचा, तिथलं सैन्य त्याचं, सैनिकाची निष्ठाही त्याच्यावर. बादशहाच्या हाती जे यायचं ते त्यांच्या मर्जीनं.

बँकेत अधिकाऱ्याची दर तीन वर्षांनी बदली का करतात, हे नव्या माणसाला कळत नाही. बायको चिडते, मुलांच्या शाळा बदलतात, नुकती ओळख झालेलं गाव सोडावं लागतं. पण एकाच शाखेत बारा-पंधरा वर्षं बसलेला माणूस त्या शाखेचा मालक होऊन बसतो, हे ज्यानं पाहिलं आहे तो बदलीच्या नियमाला नावं ठेवत नाही. किझिलबाश सरदार हे पिढ्यान्‌पिढ्या एकाच शाखेत बसलेले अधिकारी होते. त्यांच्याकडे तलवारी होत्या, एवढाच फरक.

अब्बासानं घाई केली नाही. पश्चिमेकडून उस्मानी तुर्क आणि पूर्वेकडून उझबेक, दोघेही देशाचे लचके तोडत होते. दोघांशी एकदम लढणं शक्य नव्हतं. १५९० मध्ये त्यानं तुर्कांशी तह केला आणि तब्रीझसकट मोठा मुलूख त्यांना देऊन टाकला. पुतण्याला ओलीस म्हणून इस्तंबूलला पाठवलं. एकोणीस वर्षांच्या राजानं इतका अपमान गिळणं सोपं नसतं. पण या तहानं त्याला वेळ मिळाला आणि त्या वेळात त्यानं एक नवंच सैन्य उभं केलं.

हे सैन्य गुलामांचं होतं. जॉर्जिया, आर्मेनिया, सर्केशिया या कॉकेशस भागातून पकडून आणलेली मुलं, धर्म बदललेली, दरबारात वाढवलेली. फारसीत त्यांना गुलामच म्हणत. पण घोडा, बंदूक, पगार आणि पुढं सुभेदारीसुद्धा त्यांना मिळू शकत होती. मिळत नव्हतं ते फक्त कूळ. त्यांच्यामागे टोळी नव्हती, भाऊबंद नव्हते, वतन नव्हतं. जे काही होतं ते बादशहाचं दिलेलं. त्यांचा पगार देण्यासाठी अब्बासानं एकेक प्रांत सरदारांकडून काढून थेट खालशात आणायला सुरुवात केली. पुढं इतिहासकारांनी याच धोरणाला बोल लावला आहे, कारण खालशाच्या प्रांतातले कारभारी रयतेला पिळत आणि सीमेवर लढायला मात्र जुन्या सरदारांची ईर्षा उरली नाही. ते खरंही आहे. पण ज्यानं आपल्या आईचे मारेकरी दरबारात रोज मुजरा करताना पाहिले, त्याला शंभर वर्षांनंतरचा ताळेबंद कोण दाखवणार?

अल्लाहवर्दी खान हा या गुलामांमधला पहिला माणूस. जॉर्जियातल्या उंदिलादझे घराण्यातला. १५९५-९६ च्या सुमारास अब्बासानं त्याला फार्स प्रांताचा, म्हणजे शिराझकडच्या श्रीमंत मुलखाचा सुभेदार केलं. गुलामाच्या जातीचा माणूस किझिलबाश अमिरांच्या बरोबरीनं बसण्याची ती पहिलीच वेळ. १५९८ मध्ये अब्बासानं उझबेकांना हरवून आपलं जन्मगाव हेरात परत घेतलं. त्या लढाईनंतर लगेच फरहाद खान या आपल्या बलाढ्य सेनापतीला मारण्याचा हुकूम त्यानं दिला. हुकूम बजावला अल्लाहवर्दी खानानं आणि त्याच्या जागी तोच सरसेनापती झाला. पुलाकडे पाहताना हेही ध्यानात ठेवलेलं बरं. ज्या हातांनी तेहतीस कमानी उभ्या राहिल्या, ते हात बादशहासाठी काहीही करणारे होते.

त्याच सुमारास, १५९७-९८ मध्ये, राजधानी कझवीनहून इस्फहानला हलली. इस्फहान तुर्कांच्या सरहद्दीपासून दूर, देशाच्या मध्यावर; आणि मुख्य म्हणजे तिथं नदी होती. इराणच्या पठारावर बारमाही पाणी ही फार दुर्मीळ गोष्ट. झायंदे रूद याचा अर्थच जीवन देणारी नदी. झाग्रोस पर्वतात ती उगम पावते, इस्फहानच्या मधून जाते आणि समुद्राला कधीच न मिळता पूर्वेकडे गावखूनी नावाच्या दलदलीत विरून जाते. तिच्या पाण्याच्या वाटपाचा एक जुना दस्तऐवज आहे. कोणत्या गावाला, कोणत्या पाटाला, किती दिवस पाणी, हे त्यात ठरवून दिलेलं आहे. परंपरा त्याचं श्रेय शेख बहाई या अब्बासाच्या दरबारातल्या पंडिताला देते. गणित, ज्योतिष, धर्मशास्त्र आणि बांधकाम या सगळ्यांत गती असलेला हा विद्वान मूळचा लेबनॉनकडचा, तोही बाहेरचाच.

जुन्या इस्फहानात सेल्जुक काळातली जुम्मा मशीद होती, तिच्याभोवती जुना बाजार आणि जुनी घराणी होती. त्यांची मोडतोड करण्याच्या भानगडीत अब्बास पडला नाही. दक्षिणेच्या बाजूला, नदीकडे, बागांच्या जमिनीवर त्यानं नवं शहर आखलं. मधोमध नक्श-ए-जहान नावाचं मैदान, सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद. चारही बाजूंनी दुमजली दुकानांच्या ओळी. उत्तरेला शाही बाजाराचा कैसरिया दरवाजा, पश्चिमेला आली कापू म्हणजे उंच दरवाजा असलेला राजवाडा, पूर्वेला शेख लुत्फुल्लाची मशीद आणि दक्षिणेला शाही मशीद. व्यापार, सत्ता, धर्म सगळं एका अंगणात. या अंगणात दिवसा बाजार भरे, कधी चौगान म्हणजे पोलोचा खेळ होई, त्याचे दगडी खांब अजून तिथं उभे आहेत. गुन्हेगारांना शिक्षाही तिथंच होत. बादशहा आली कापूच्या सज्जातून पाहत असे आणि मनात आलं की साध्या कपड्यात खाली उतरून बाजारात फिरतही असे.

मैदानाच्या पश्चिमेला चहार बाग हा रुंद रस्ता. मधून पाण्याचा पाट, दुतर्फा झाडं, झाडांमागे अमीर-उमरावांच्या बागा. हा रस्ता सरळ नदीकडे उतरतो. तिथं रस्ता थांबला असता तर शहरही तिथंच संपलं असतं. अब्बासाला पलीकडच्या काठावर हजार जरीब नावाची मोठी बाग आणि वस्त्या हव्या होत्या. म्हणून पूल.

नदीवर पूल त्याच्या आधीही होते. शहराच्या पूर्वेचा शहरिस्तानचा पूल तर कित्येक शतकं जुना. पण अल्लाहवर्दी खानाच्या देखरेखीखाली जो उभा राहिला तो नुसता नदी ओलांडायचा पूल नाही. तो चहार बागेचाच पाण्यावरून गेलेला भाग आहे. लांबी जवळपास ३०० मीटर, रुंदी साधारण १४ मीटर. खाली दगडी खांब, वर विटांचं काम. मधून घोडे, उंट, गाड्यांचा रस्ता. त्याच्या दोन्ही कडांना उंच भिंती, आणि त्या भिंतींत पायी चालणाऱ्यांसाठी कमानींची आडवाट. तिथून चालताना नदी आपल्याला चौकटीचौकटींतून दिसते, ऊन लागत नाही, घोड्यांचा धक्का लागत नाही. पायी चालणाऱ्या माणसाचा इतका विचार केलेला पूल आपल्या आजच्या उड्डाणपुलांच्या काळात पाहिला, की जरा ओशाळायला होतं. उन्हाळ्यात आबपाशान नावाचा सण असे. आपल्या रंगपंचमीसारखा, रंगाशिवायचा. लोक नदीत उतरून एकमेकांवर पाणी उडवत. अब्बास पुलावर येऊन तो पाहत असे, परदेशी वकिलांना सोबत घेऊन.

पुलाच्या दक्षिण काठाला, थोड्या अंतरावर, आजही एक वस्ती आहे. तिचं नाव नवं जुल्फा. हिची गोष्ट मात्र सणासारखी नाही.

१६०३ मध्ये अब्बासानं तुर्कांवर चढाई करून तब्रीझ परत घेतलं. पुढच्या वर्षी तुर्कांची मोठी फौज चालून आली. तिच्या हाती धान्याचा कण लागू नये म्हणून अब्बासानं सरहद्दीवरचा सगळा मुलूख रिकामा करायचं ठरवलं. तिथं अरास नदीच्या काठी जुल्फा नावाचं आर्मेनियन व्यापाऱ्यांचं संपन्न गाव होतं. रेशमाच्या व्यापारात त्यांचं नाव युरोपपर्यंत होतं. त्या गावाला आणि आसपासच्या शेकडो खेड्यांना घरं सोडून चालू लागायला सांगितलं गेलं. मागून सैनिक, समोर अरास. पुरेशा होड्या नव्हत्या, तराफे नव्हते. लोकांना पाण्यात ढकललं गेलं. बायका, म्हातारे, पोरं कितीतरी बुडाली. जी पार झाली त्यांतली कितीतरी पुढच्या वाटेवर थंडीनं आणि उपासमारीनं गेली. मागं वळून पाहणाऱ्यांना आपलं गाव जळताना दिसलं.

इस्फहानला पोचलेल्यांना त्यानं नदीच्या दक्षिण काठी जमीन दिली, कर्ज दिलं, चर्च बांधायला परवानगी दिली, आपल्या धर्माप्रमाणे राहायची मुभा दिली. त्यांच्या सणाला, क्रूस नदीत बुडवण्याच्या विधीला, तो स्वतः हजर राहिला. एकाच माणसाची ही दोन्ही कृत्यं आहेत आणि त्यांच्यामध्ये एक-दोन वर्षांचं अंतर आहे. त्याला आर्मेनियन माणसं नको नव्हती, हवीच होती. गुलामांसारखीच तीही आता मुळं उपटलेली होती. त्यांचं जगणं बादशहाच्या मेहेरबानीवर होतं आणि रेशीम कुठं विकायचं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. १६१९ मध्ये अब्बासानं रेशमाची निर्यात दरबारच्या मक्त्यात घेतली. माल बाहेर नेणारे मुख्यतः हे जुल्फाचे व्यापारी. त्यांच्यामार्फत चांदी आत यायची. अब्बासाच्या नावाचं चांदीचं ‘अब्बासी’ नाणं या काळातलं. २०० दिनारांचा एक अब्बासी, पन्नास अब्बासींचा एक तुमान. पगार वेळेवर देणारं सैन्य या चांदीवर उभं होतं.

नव्या जुल्फाची माणसं पुढं सुरतेला, कलकत्त्याला, मद्रासला पेढ्या घालून बसली. मुंबईच्या फोर्टात आर्मेनियनांनी १७९६ मध्ये बांधलेलं सेंट पीटर चर्च आजही आहे. इराणमध्ये छापलं गेलेलं पहिलं पुस्तक १६३८ मध्ये याच वस्तीत निघालं, आर्मेनियन लिपीत. छापखाना त्यांनी स्वतःच खटपट करून तयार केला होता. अरास ओलांडलेल्या पोरांनी पुढं काय केलं, ते हे असं.

मशिदींविषयी थोडं लिहायला हवं, कारण अब्बासाचा स्वभाव तिथं विटांत उमटला आहे. शेख लुत्फुल्लाची मशीद १६०३ ते १६१९ अशी सोळा वर्षं सावकाश झाली. तिला मिनार नाही, अंगण नाही. मैदानातून आत शिरलं की एक अंधारी वळणाची वाट लागते आणि ती एकदम घुमटाखाली नेऊन सोडते. बाहेरून हा घुमट सकाळी सायीच्या रंगाचा आणि संध्याकाळी गुलाबी दिसतो. उस्ताद मोहम्मद रझा हा तिचा वास्तुकार. बादशहाची खाजगी मशीद म्हणून तिथं काम निवांतपणे, तुकडा तुकडा फरशी कापून झालं. शाही मशीद १६११ मध्ये सुरू झाली तेव्हा अब्बास चाळीस वर्षांचा होता आणि त्याला आता घाई होती. तुकडे जोडून नक्षी करण्याऐवजी एकाच फरशीवर सात रंग भरून भाजण्याची पद्धत तिथं सर्रास वापरली गेली, कारण ती भराभर होते. असं सांगतात, की वास्तुकार उस्ताद अली अकबर पाया रचून एके दिवशी नाहीसाच झाला. काही वर्षांनी परतला तेव्हा त्यानं बादशहाला साखळीनं मोजून दाखवलं, की मधल्या काळात बांधकाम किती खाली बसलं आहे. तेव्हाच घुमट चढवला असता तर तडे गेले असते. गोष्ट खरी असेल-नसेल. पण लोकांनी ती याच बादशहाविषयी रचली, यात त्याच्या स्वभावाची ओळख आहे.

याच माणसानं १६०१ मध्ये नवस फेडायला इस्फहानहून मशहदला इमाम रझांच्या दर्ग्यापर्यंत पायी वारी केली होती. वाळवंटातून, महिनाभर, खरोखर पायी.

१६१३ मध्ये अल्लाहवर्दी खान वारला. मशहदला त्यानं आपली कबर आधीच बांधायला घेतली होती. ती पूर्ण झाल्याचा निरोप घेऊन माणूस आला आणि थोड्याच दिवसांत खान गेला असं म्हणतात. बादशहा जनाजाबरोबर चालत गेला, दुसऱ्या दिवशी सांत्वनाला त्याच्या घरी गेला, आणि फार्सची सुभेदारी त्याच्या मुलाला, इमाम कुली खानाला दिली. अब्बासानं एखाद्यासाठी एवढं केल्याची उदाहरणं फार नाहीत.

आणि दोनच वर्षांनी, १६१५ मध्ये, कॅस्पियन समुद्राजवळच्या रश्त गावात, हमामातून परतणाऱ्या सफी मिर्झाला भर रस्त्यात भोसकून मारलं गेलं. सफी मिर्झा हा अब्बासाचा थोरला मुलगा, गादीचा वारस. मारेकरी बेहबूद नावाचा सर्केशियन गुलाम, हुकूम बापाचा. मुलगा कट करतो आहे असं कुणीतरी कानात भरलं होतं. प्रेत बराच वेळ चिखलात पडून होतं, उचलायची कुणाची हिंमत झाली नाही. आपण काय करून बसलो हे अब्बासाला फार उशिरा कळलं, असं म्हणतात. तो शोकात बुडाला. पण शोकानं संशय गेला नाही. १६२१ मध्ये तो आजारी पडला, तेव्हा दुसऱ्या मुलानं, खुदाबंदा मिर्झानं, आनंद दाखवल्याचा वहीम आला; बरा झाल्यावर त्यानं त्या मुलाचे डोळे काढवले. सहा वर्षांच्या आत तिसऱ्याचे, इमाम कुली मिर्झाचेही. आणखी दोन मुलगे आजारानं गेले होते. पाच मुलांपैकी गादीवर बसण्याजोगा एकही उरला नाही.

या जागी चरित्रकार बहुतेक वेळा दोनपैकी एक करतात. एकतर त्या काळची रीतच तशी होती म्हणून पुढं जातात, नाहीतर राक्षस म्हणून शिक्का मारतात. मला वाटतं, सहा वर्षांचा असताना ज्याच्या नावानं मृत्यूचा हुकूम निघाला होता आणि सोळाव्या वर्षी ज्याला बापाला हटवून गादीवर बसवलं गेलं, त्याला राजपुत्र म्हणजे काय हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. राजपुत्र म्हणजे सरदारांच्या हातातलं प्यादं. सफी मिर्झामध्ये त्याला स्वतःचाच सोळा वर्षांचा चेहरा दिसला असावा. हे समजतं, पण समजलं म्हणून रश्तचा चिखल मनातून पुसला जात नाही. उरलेल्या नातवंडांना त्यानं जनानखान्यात कोंडून वाढवलं. घोडा नाही, प्रांत नाही, फौज नाही, कारभाराचा अनुभव नाही. ही रीत पुढं घराण्याची परंपरा झाली आणि तिनंच सफवी घराणं पोखरलं.

बाहेरच्या जगाला यातलं फारसं दिसत नव्हतं. आग्र्याच्या दरबारात जहांगीर अब्बासाला भाऊ म्हणत असे. त्यानं खान आलम या वकिलाबरोबर बिशनदास नावाचा चित्रकार इस्फहानला पाठवला, शाहाचं हुबेहूब चित्र काढून आणायला. पुढं अबुल हसननं एक प्रसिद्ध चित्र काढलं. पृथ्वीगोलावर सिंह आणि मेंढरू, त्यांच्यावर उभे राहून जहांगीर आणि अब्बास एकमेकांना मिठी मारत आहेत. सिंह अर्थात जहांगीरच्या पायाखाली. दोघे आयुष्यात कधी भेटले नाहीत आणि १६२२ मध्ये अब्बासानं मोगलांचं कंदाहार घेतलं.

त्याच वर्षी अल्लाहवर्दीचा मुलगा इमाम कुली खान यानं इंग्रज कंपनीच्या जहाजांच्या मदतीनं होर्मुझ बेट पोर्तुगीजांकडून जिंकलं. गोव्यातल्या पोर्तुगीज सत्तेला हा जबर धक्का होता. होर्मुझचा व्यापार समोरच्या किनाऱ्यावरच्या बंदरात गेला. त्या बंदराला बादशहाचं नाव मिळालं, बंदर अब्बास.

गोव्याशी आणखी एक धागा आहे आणि तो अधिक खोल रुतलेला आहे. अब्बासानं १६१४ नंतर जॉर्जियाच्या काखेती भागाची अशी धूळधाण केली, की माणसं मारून आणि हाकलून तो मुलूख ओसाड पडला. तिथली राणी केतेवान शिराझला कैदेत होती. १६२४ मध्ये धर्म बदलायला नकार दिला म्हणून तिला हाल करून मारण्यात आलं. शिराझचा सुभेदार इमाम कुली खान होता, जॉर्जियन गुलामाचा मुलगा. तिथल्या ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि काही गोव्याला आणले. जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिन चर्चचा तो पडका मनोरा आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. त्या अवशेषांचा शोध तिथंच लागला. जनुकीय तपासणीनं त्यांना दुजोरा मिळाला आणि २०२१ च्या जुलैमध्ये भारत सरकारनं ते जॉर्जियाच्या स्वाधीन केले.

आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत अब्बासानं आणखी एक काम हाती घेतलं होतं, आणि त्याच्या सगळ्या कामांत मला ते विलक्षण वाटतं. झायंदे रूदचं पाणी वाढत्या राजधानीला पुरत नव्हतं. झाग्रोसच्या पलीकडच्या उतारावर कारून नदीचं पाणी मुबलक होतं. मधे एक डोंगर. तो डोंगर वरून खाली चिरून कारूनचं पाणी इकडे वळवायचं, असा त्यानं घाट घातला. हजारो मजूर लागले. डोंगर कठीण, हिवाळा भयंकर, बर्फात काम बंद पडायचं. खाच निम्मी-अर्धी झाली आणि १९ जानेवारी १६२९ रोजी माझंदरानमध्ये अब्बास वारला. काम थांबलं. डोंगरावरची ती खाच अजून दिसते.

त्याच्या मागे गादीवर बसला सफी मिर्झाचा मुलगा. मारलेल्या बापाचंच नाव घेऊन तो शाह सफी झाला. जनानखान्यात वाढलेल्या या नातवानं १६३२ मध्ये इमाम कुली खानाला मुलांसकट ठार मारवलं. ज्या घराण्याचं नाव पुलावर होतं ते असं संपलं. पुलाचं नाव कुणी बदललं नाही.

पणतू अब्बास दुसरा यानं १६५० च्या सुमारास त्याच नदीवर खाजूचा पूल बांधला. तो जेमतेम १३३ मीटरांचा, पण करामतीत पणजोबांच्या पुलाच्या पुढचा. तो पूलही आहे आणि बंधाराही. खालच्या मोऱ्यांना फळ्या घातल्या की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, पातळी चढते आणि काठावरच्या बागांच्या पाटांत शिरतं. फळ्या काढल्या की पाणी पायऱ्यांवरून फेसाळत उतरतं. मधोमध बादशहासाठी रंगवलेली बैठक. खालच्या कमानींत आवाज असा घुमतो, की इस्फहानचे हौशी गवई पिढ्यान्‌पिढ्या तिथं जमून गात आले आहेत.

१७२२ मध्ये अफगाण फौजेनं सहा महिने वेढा घालून शहर उपाशी मारलं आणि सफवी राज्य संपल्यातच जमा झालं. इमारती राहिल्या. नक्श-ए-जहान मैदान १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. कारूनचं पाणीही शेवटी आलं, अब्बासानंतर सव्वातीनशे वर्षांनी. १९५३ च्या सुमारास कूहरंगचा बोगदा पुरा झाला तेव्हा. जे काम त्याला डोंगर चिरून जमलं नाही ते सुरुंग आणि यंत्रांनी झालं.

पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या पाण्याला इतके वाटेकरी झाले आहेत, की वर्षातले कितीतरी महिने नदीचं पात्र कोरडं असतं. वरच्या भागातली शेती, पोलादाचे कारखाने, दुसऱ्या शहरांना नेलेले नळ, आणि त्यात दुष्काळ. जुन्या वाटपाच्या कागदात यांतलं कुणीच नव्हतं. २०२१ च्या नोव्हेंबरात हजारो शेतकरी आणि शहरवासी खाजूच्या पुलाजवळ नदीच्या कोरड्या पात्रात उतरून पाणी मागत बसले. काही दिवसांनी पोलिसांनी त्यांना बळानं हटवलं. जाणकार सांगतात, की या पुलांचे पाये पाण्यात राहण्यासाठीच घातलेले आहेत; ओल गेली की चुन्याचा गिलावा ठिसूळ होतो आणि खांबांना तडे जातात.

अब्बासाची कबर इस्फहानात नाही. काशान गावी एका जुन्या दर्ग्यात ती आहे, वर काळा दगड. ती पाहायला मुद्दाम जाणारे थोडे. पुलावर मात्र रोज संध्याकाळी गर्दी असते, नदी कोरडी असली तरी. धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली की माणसं पोराबाळांना घेऊन आधीच काठावर येऊन थांबतात. आधी ओल दिसते, मग मातीवरून सरकत येणारी पाण्याची गढूळ कड. ती कड कमानींखाली शिरते, तेव्हा वर उभे असलेले लोक टाळ्या वाजवतात.